नागपूरचा पहिलाच उन्हाळा, वरचा मजला आणि एसी नाही: कूलरवर भागतं का?

कोकणातली_पाहुणी (२२ मार्च, रात्री ९:४०)
नमस्कार मंडळी. आम्ही मूळचे रत्नागिरीचे, नवऱ्याच्या बदलीमुळे जानेवारीत नागपूरला आलो. मानेवाड्याला भाड्याने घर घेतलंय, तिसरा म्हणजे सगळ्यात वरचा मजला, डोक्यावर थेट गच्ची. थंडीत घर उबदार वाटलं म्हणून पटकन घेतलं, आता मार्चमध्येच संध्याकाळी पश्चिमेच्या भिंतीला हात लावला की चटका नाही पण चांगली गरम लागते. घरमालक म्हणतात वायरिंग जुनं आहे एसी लावायचा नाही, आणि खरं सांगायचं तर एसी आणि त्याचं बिल दोन्ही आत्ता आमच्या बजेटात नाही. घरात आम्ही दोघं, पाच वर्षांचा मुलगा आणि सासूबाई, वय ७२, बीपीच्या गोळ्या चालू. शेजारच्या काकू म्हणतात "कूलर लावा, काही होत नाही". आमच्याकडे कूलर कुणी लावत नाही हो, मामाने एकदा हौसेने आणला तर घरातले पापड सादळले आणि उकडायचं ते उकडतच राहिलं. तर इथे कूलरने खरंच भागतं का? कुठला घ्यायचा? आणि सासूबाईंची काय काळजी घ्यायची? सविस्तर सांगा प्लीज, मी एकदम नवीन आहे.

तर्रीपोहा (२२ मार्च, रात्री १०:०५)
ताई भट्टीत स्वागत आहे, हाहा. मार्चमध्ये घाबरून कसं चालेल, आमचे कूलर अजून माळ्यावरून खाली पण नाही आले. काकू बरोबर सांगून राहिल्या. अर्ध्याच्या वर नागपूर कूलरवरच जगते. आमच्या घरी आजोबांपासून कूलरच आहे, एसी फक्त बँकेत जाऊन खातो.

गच्चीवाला (२२ मार्च, रात्री ११:३०)
मामांचा कूलर तिकडे का चालला नाही आणि इथे का चालतो हे एकदा समजून घ्या, पुढचं सगळं आपोआप जमतं. कूलर पाण्याची वाफ करून हवा थंड करतो. हवा कोरडी असली की ताट्यांतलं (कूलरच्या बाजूंना लावलेल्या, पाण्याने भिजत राहणाऱ्या जाड पॅडमधलं) पाणी भराभर उडतं आणि जाताना हवेतली उष्णता घेऊन जातं. इथे मे महिन्यात दुपारी ४४ डिग्री असतं तेव्हा हवेतला दमटपणा १५ टक्क्यांच्या आसपास उतरलेला असतो. अशा हवेत ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर २३-२४ दाखवतो. कूलर त्याच्या जवळपास जाऊ शकतो, पूर्ण नाही पण चांगल्या ताट्या असल्या तर २७-२८ ची हवा फेकतो. रत्नागिरीत ३३ डिग्री आणि ७० टक्के दमट, तिथे तो चार डिग्री खाली आणणार आणि वरून घर ओलं करणार, मग पापड सादळणारच.

आता यातूनच पुढची गोष्ट निघते जी नव्वद टक्के नवीन लोक चुकतात. कूलर म्हणजे एसी नाही, खोली बंद करायची नाही. कूलर खिडकीच्या बाहेर, म्हणजे बाहेरची कोरडी हवा ओढणार आणि आत फेकणार, आणि समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार उघडं पाहिजे म्हणजे वापरलेली दमट हवा बाहेर जाईल. खोलीत मधोमध ठेवून दारं लावली तर तो तीच तीच हवा पुन्हा ओली करत बसतो आणि तासाभरात तुमच्या खोलीत रत्नागिरी तयार होते. समोरचं दार किती उघडायचं ते दारात उभं राहून बघा, पडदा बाहेरच्या बाजूला हलकासा उडाला पाहिजे. साइज काढायची तर खोलीची लांबी रुंदी उंची गुणा आणि दोनाने भागा. १० बाय १२ ची, १० फूट उंच खोली म्हणजे १२०० घनफूट, तर मिनिटाला निदान ६०० घनफूट हवा देणारा कूलर हवा. दुकानदार जे आकडे सांगतात ते ताटी न लावता मोजलेले असतात असं धरून थोडा मोठाच घ्या.

कोकणातली_पाहुणी (२३ मार्च, सकाळी ८:१५)
बाप रे, एवढं कुणी सांगितलंच नव्हतं. पण भर दुपारी दार उघडं ठेवलं तर बाहेरच्या झळा आत येणार नाहीत का? सासूबाई ऐकायच्याच नाहीत.

गच्चीवाला (२३ मार्च, सकाळी ८:५०)
नाही येत. कूलर आत हवा ढकलतो, त्यामुळे उघड्या दारातून हवा बाहेरच जाते. मात्र कूलर बंद असेल किंवा लाईट गेली असेल तर सगळं गच्च बंद, पडदे ओढून. सकाळी ९ च्या आत बंद आणि बाहेर घरापेक्षा गार वाटायला लागलं की उघडायचं, तुमच्या मजल्यावर ते रात्री नऊ-दहाला होईल. आणि कूलर शक्यतो उत्तरेच्या खिडकीला लावा, पश्चिमेच्या उन्हात तापलेला पत्रा म्हणजे अर्धी मेहनत वाया.

पत्र्याचा_कूलर (२३ मार्च, दुपारी १:२०)
घ्यायचा तर लोखंडी पत्र्याचा घ्या, तीन बाजूंनी ताट्यावाला. प्लास्टिकचे दिसायला छान, इकडून तिकडे ढकलता येतात, पण ४५ च्या वर गेलं की त्यांचा जीव तोकडा पडते. पत्र्याचे इथेच बनते, बर्डीवर इतवारीत कुठेही पाहा, मोटर आणि पंख्याचं पातं नीट पाहून घ्या बाकी डबा तर डबाच आहे. टाकीला आतून डांबर मारून घ्या नाहीतर तिसऱ्या वर्षी तळ गळते. दोन वर्षांत बदली होणार असेल तर सीझनभरासाठी भाड्याने पण मिळते, मात्र एप्रिलच्या आत सांगून ठेवा.

ताट्या दोन प्रकारच्या. लाकडाच्या बारीक चोयट्याच्या, स्वस्त, दर वर्षी नवीन भराव्या लागते. वाळ्याच्या महाग, पण पहिला आठवडा घरभर जो वास येते त्याच्यासाठी माझी आई बाकी खर्च कमी करते. आजकाल ते मधमाशीच्या पोळ्यासारखे खाकी हनीकोंब पॅड पण आले, ते दोन-तीन सीझन जाते आणि पाणी चांगलं धरते. बोअरचं पाणी असेल तर काहीही लावा, महिन्याभरात पांढरा खार बसते. त्याला उपाय एकच, टाकीतलं पाणी रोज थोडं बाहेर सोडायचं आणि ताजं भरायचं, वाफ होऊन पाणी जाते पण खार टाकीतच राहते नं.

ऑरेंज_कँडी (२३ मार्च, दुपारी ३:०२)
एक सोपी आयडिया, टाकीत बर्फाच्या लाद्या टाका, आम्ही पाहुणे आले की टाकतो, एकदम काश्मीर.

गच्चीवाला (२३ मार्च, दुपारी ३:४०)
काश्मीर पंधरा मिनिटांचं. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता घेतो त्याच्या सातपट एक लिटर पाणी वाफ होताना घेतं. बर्फाचे पैसे दुसऱ्या जाड ताटीत घाला, आणि पंपाची नळी तपासा, तिन्ही ताट्या वरपासून खालपर्यंत सारख्या भिजतात का. एखादा पट्टा कोरडा राहिला तर तिथून झळाच आत येतात, कूलर थंड करत नाही म्हणून जी ओरड असते त्यात बहुतेक वेळा हेच निघतं.

ऑरेंज_कँडी (२३ मार्च, दुपारी ३:४४)
पाहुण्यांसाठी पंधरा मिनिटं पुरतात हो :)

वायरमन_काका (२३ मार्च, रात्री ८:१०)
सगळे थंड हवेचं सांगून राहिले म्हणून मी दुसरं सांगतो, कारण मी या कामात आयुष्य घातलं. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, पेपरात येते, चार ओळी असतात. लोखंडी डबा, आत पाणी, ओली फरशी, अनवाणी माणूस आणि चालू कूलरमध्ये बादलीने पाणी भरून राहिलाय. ताईंचं वायरिंग जुनं आहे म्हणता तर कूलर घ्यायच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि तीन गोष्टी बघायला सांगा. तीन पिनचं प्लग पॉइंट आहे त्याच्या मोठ्या भोकात खरंच अर्थिंग येते का, का नुसतं भोकच आहे. मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी बसवून घ्या, करंट गळती झाली की ते झटक्यात लाईन तोडते, घरमालक नाही म्हणाले तर स्वतःच्या पैशाने बसवा आणि जाताना काढून न्या. आणि पंपाची वायर. पंप पाण्यात बुडालेला असते, त्याच्या वायरला जोड असेल, टेप मारलेली असेल तर ती वायर फेकून द्या.

पाणी भरायचं तर आधी बटन बंद आणि नंतर प्लग उपटून हातात घ्यायचा, नुसतं बटन बंद करून नाही, जुन्या घरात बटन न्यूट्रलवर बसवलेलं मी शेकड्याने पाहिलं. लेकराला कूलरजवळ खेळू देऊ नका. पायात रबरी चप्पल. भरताना टाकीत हात घालून चाळे करायचे नाही. एवढं केलं की मग खुशाल झोपा.

कोकणातली_पाहुणी (२३ मार्च, रात्री ८:३५)
काका खूप खूप आभार, हे तर मी आत्ताच नवऱ्याला वाचून दाखवलं. रविवारी इलेक्ट्रिशियन येतोय.

महालची_आजी (२४ मार्च, सकाळी ६:५०)
सूनबाई, (तू मला नातसूनच लागशील) मशिनचं पोट्ट्यांनी सांगितलं, मी घरातलं सांगते. आमच्या महालातल्या वाड्यात जाड मातीच्या भिंती होत्या, दुपारी ओसरीत शेणाने सारवलेल्या जमिनीवर पडलं की पंखा पण लागत नसे, आता सिमेंटच्या घरात ते कुठलं. पण पोटाचं तर आपल्या हातात आहे. माठ आत्ताच आणून ठेव, दोन दिवस पाणी भरून ओतून टाक, मग प्यायला वापर. सासूबाईंना फ्रीजचं देऊ नकोस, माठाचंच दे, वाळ्याची जुडी टाक त्यात. पन्ह्यासाठी कैऱ्या उकडून गर काढून गूळ घालून बरणी भरून ठेव, दुपारी आलेल्या कुणालाही पहिले पन्हं मग बाकीचं. सातूच्या पिठात गूळ आणि पाणी, हे सकाळी सकाळी, लेकरं पोटभर पितात. ज्वारीची आंबील ताकात कालवून. अक्षय तृतीयेला आमच्याकडे पितरांच्या नावाने पाण्याने भरलेलं मडकं पूजतात आणि चिंचवणी करतात, चिंच आणि गुळाचं, ते त्या दिवसापुरतं ठेवू नकोस, उन्हाळाभर कर.

स्वयंपाक सकाळी आठच्या आत संपव, वरच्या मजल्यावर दुपारी गॅस पेटवला तर कूलरचा बाप आला तरी काही व्हायचं नाही. कुरड्या-पापड घालायचे असतील तर पहाटे पाचला गच्चीवर, साडेनऊला खाली. इथलं ऊन कुरडई एका दिवसात कडकडीत वाळवते, तेवढा एक फायदा घे.

जरीपटका_जेट (२४ मार्च, सकाळी १०:२२)
आजी खिशात कांदा राहिला तुमचा. माझे बाबा अजून एप्रिल लागला की बुशशर्टच्या खिशात कांदा ठेवल्याशिवाय गाडीला किक मारत नाही. ऊन लागत नाही म्हणे.

ओपीडी_नंतर (२४ मार्च, रात्री ११:१५)
डॉक्टर आहे, इथेच प्रॅक्टिस करतो म्हणून लिहितो. बाबांना कांदा ठेवू द्या, त्याने नुकसान काही नाही, पण त्याच्या भरवशावर दुपारी दोनला उन्हात फिरू नका. खिशातला कांदा शरीराचं तापमान कमी करत नाही. पोटातला, ताकाबरोबर खाल्लेला, जेवण हलकं ठेवतो एवढं नक्की.

पाहुणी ताई, तुमच्या सासूबाईंबद्दल थोडं सविस्तर. म्हातारपणी तहान लागणंच कमी होतं, त्यामुळे "तहान लागली की पितील" यावर सोडू नका, तासातासाला हातात पेला द्या. बीपीच्या गोळ्यांत काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्या असतात, त्यांनी उन्हाळ्यात अंगातलं पाणी आणि मीठ आणखी कमी होतं. गोळी स्वतः बंद करायची नाही, एप्रिल लागायच्या आत त्यांच्या डॉक्टरांना दाखवून डोस विचारून घ्या. पन्ह्यात ताकात मीठ किती घालायचं तेही त्याच वेळी विचारा, कारण बीपीवाल्यांना मिठाचा सल्ला सरसकट देता येत नाही.

पंख्याबद्दल मोठा गैरसमज आहे. हवा शरीरापेक्षा गरम असली की नुसता पंखा गरम हवाच अंगावर मारतो, पारा ४० च्या वर असताना फक्त पंख्यावर विसंबू नका. लाईट गेली आणि इन्व्हर्टरवर पंखा एवढाच चालत असेल तर अंगावरचा सुती कपडा ओला करा, मग पंख्याचा उपयोग होतो, इथली हवा कोरडी असल्यामुळे पाणी पटकन उडतं. हातपाय, मान, चेहरा ओल्या फडक्याने पुसत राहायचं.

आणि उष्माघात. चक्कर, मळमळ, डोकं ठणकणं, पायात गोळे, इथपर्यंत असेल तर सावलीत आडवं करा, ओआरएस द्या, पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण टाकायचं, अर्धं अर्धं नाही. पाकीट नसेल तर एक लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, ओळखेना, झोकांड्या जायला लागल्या, अंग भाजतंय, तर ती इमर्जन्सी आहे, शरीर ४० डिग्रीच्या वर गेलंय. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत थांबू नका, कपडे सैल करून अंगावर पाणी ओता, पंखा लावा, मानेला काखेत जांघेत बर्फ. बर्फ वापरायची जागा ही आहे, कूलरची टाकी नाही. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. तापाची गोळी द्यायची नाही, हा ताप तिने उतरत नाही.

पोराचा घोळणा फुटेल, इथे उन्हाळ्यात बऱ्याच मुलांचा फुटतो, घाबरू नका. डोकं मागे टाकायचं नाही, पुढे वाकवून बसवा, नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत घट्ट धरा, मध्येच सोडून बघू नका.

साईटवरचा_माणूस (२५ मार्च, सकाळी ७:३०)
डॉक्टर साहेबांना पुढे जोडतो. मी बांधकाम साईटवर असतो. आमच्याकडे मेमध्ये काम सकाळी ६ ते ११ आणि मग ४ नंतर, मधे कोणी सेंट्रिंगवर चढत नाही, चढू देत नाही. सगळ्यात धोका कोणाला असतो तर जो मजूर परवाच गावावरून आला त्याला. शरीराला या गर्मीची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, पहिल्या दिवशी जुन्या माणसाइतकं काम दिलं की तो पडलाच. ताई तुम्ही पण कोकणातून आलात, हळूहळू सवय करा, एकदम एप्रिलच्या शेवटी दुपारी बाजारात जाऊन बघू नका. काही ठेकेदार अजून दुपारी कामं काढतात, पाणी ठेवतात ते उन्हातल्या ड्रममध्ये, ते पिण्यापेक्षा माणूस तहानेलाच बरा. इथे एसी का कूलर ही चर्चा करणारे आपण सगळे छताखाली आहोत एवढं ध्यानात असू द्या.

बर्डीकर (२५ मार्च, सकाळी ९:०५)
खरंय. सिग्नलवर हिरव्या जाळ्या लावतात आता काही चौकांत, दुचाकीवाल्यांना तेवढा एक मिनिट सावली. ट्रॅफिकवाला मात्र जाळीच्या बाहेर उभा असतो हे पण बघितलंय.

गच्चीवाला (२५ मार्च, रात्री ९:२०)
मूळ प्रश्नावर येतो, वरचा मजला. तुमचा खरा शत्रू दुपार नाही, रात्र आहे. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि ती उष्णता आत पोचायला काही तास लागतात, म्हणून बाहेर जरा बरं वाटायला लागतं तेव्हा छत आत आग ओकायला लागतं, रात्री बारापर्यंत. म्हणून उपाय छताच्या वरून करायचा, आतून नाही. घरमालकांना विचारून गच्चीवर चुना मारा. कळीचा चुना दोन दिवस भिजवून, गाळून, त्यात थोडा फेव्हिकॉल, दोन हात. पांढऱ्या छताने ऊन परत फिरतं, आतलं तापमान दोन-तीन डिग्री तरी उतरतं, खर्च एका मिस्त्रीच्या रोजात आणि दोन पोत्यांत होतो. पावसात निघून जातो, पुढच्या वर्षी परत. पैसे असतील तर कूल रूफचा पेंट मिळतो, तो टिकतो.

दुसरं, पश्चिमेच्या खिडकीला पडदा आतून लावण्यापेक्षा बाहेरून सावली करा, बांबूची चिक किंवा हिरवी जाळी. काच एकदा तापली की आतला पडदा फक्त उजेड अडवतो, गर्मी तर आत आलेलीच असते.

मानेवाडा_एक्सप्रेस (२६ मार्च, दुपारी १२:१०)
मी पण मानेवाड्याचाच, वरचाच मजला. आम्ही संध्याकाळी सातला गच्चीवर पाणी मारतो, जमीन चर्र करते, दोन तासांनी खोलीत फरक कळते. मग तिथेच गाद्या टाकून झोपतो.

बर्डीकर (२६ मार्च, दुपारी १२:४०)
पेंच धरणावरून आलेलं पिण्याचं पाणी गच्चीवर मारायचं आणि मेमध्ये टँकरसाठी बोंबलायचं, वा.

मानेवाडा_एक्सप्रेस (२६ मार्च, दुपारी १:१५)
कपडे धुतलेलं पाणी मारतो भाऊ, विचारायचं तरी. गच्चीवरच ड्रम ठेवला आहे.

बर्डीकर (२६ मार्च, दुपारी १:१८)
मग ठीक.

जरीपटका_जेट (२६ मार्च, दुपारी २:३०)
यंदा ५० जाणार म्हणे, गेल्या वर्षीच माझ्या कारमध्ये ४९ दाखवून राहिलं होतं. २०२४ ला तर ५६ झालंच होतं.

ओपीडी_नंतर (२६ मार्च, रात्री १०:५०)
५६ झालं नव्हतं. २०२४ च्या मे अखेरीला एका स्वयंचलित केंद्राने तो आकडा दाखवला, सगळ्या चॅनेलवर चालला, नंतर हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. नागपूरचा पारा ४७ च्या वर गेल्याची नोंद मात्र आहे, मे २०१३ मधली, आणि तेवढं पुरे आहे. अधिकृत तापमान सावलीतलं असतं, जमिनीपासून चार-पाच फुटांवर झडपांच्या पांढऱ्या पेटीत मोजलेलं. उन्हात उभ्या कारचा आकडा डांबराचा आणि पत्र्याचा असतो. हवामान खातं मैदानी भागात ४० च्या वर आणि सरासरीपेक्षा साडेचार डिग्री जास्त गेलं की उष्णतेची लाट म्हणतं, ४५ झालं की सरासरी न बघताही लाट आणि ४७ ला तीव्र लाट. आकड्यासाठी भांडू नका, रात्रीचं किमान बघा. किमान ३० च्या वर राहिलं की शरीराला सावरायला वेळच मिळत नाही, आमच्याकडे गर्दी त्या आठवड्यात होते.

महालची_आजी (२७ मार्च, सकाळी ६:३०)
नवतपा, म्हणजे सगळ्यात तापणारे ते नऊ दिवस, अजून दोन महिने दूर आहे, आत्ताच काय भांडता. २५ मेला सूर्य रोहिणीत गेला की मग बोला.

कोकणातली_पाहुणी (९ मे, रात्री १०:१०)
धागा वर काढतेय. आरसीसीबी बसवलं (घरमालकांनी अर्धे पैसे दिले!), पत्र्याचा कूलर उत्तरेच्या खिडकीला, हनीकोंब, आणि गच्चीवर चुना. काकांनी सांगितल्याप्रमाणे प्लग काढून टेबलावर ठेवल्याशिवाय मुलगा मला पाणी भरू देत नाही, पहारा देतो. आज दुपारी ४४ होतं आणि हॉलमध्ये माझ्या छोट्या थर्मामीटरवर ३० च्या आतबाहेर. सासूबाई दुपारी पांघरूण मागतात! कूलर सरळ त्यांच्या अंगावर येत होता, गुडघे दुखायला लागले, मग कूलर हॉलला आणि त्यांच्या खोलीचं दार अर्धं उघडं ठेवून तिथली खिडकी उघडी ठेवली, हवा फिरत फिरत जाते. चिंचवणी सगळ्यांना आवडली. त्यांच्या गोळीचा डोस पण डॉक्टरांनी बदलून दिला.

एकच त्रास, परवा रात्री आमच्या भागातली लाईट गेली ती पहाटेपर्यंत आलीच नाही, अख्खी गल्ली रस्त्यावर खुर्च्या टाकून बसली होती.

तर्रीपोहा (९ मे, रात्री १०:३०)
कोराडी खापरखेड्याच्या वीजकेंद्रांचा धूर आम्ही पाहायचा, लाईट बाकीच्यांनी वापरायची. विदर्भात जुनं भांडण आहे ताई, त्याच्यात पडू नका. चार्जिंगचा छोटा पंखा घेऊन ठेवा आणि ओल्या चादरीची डॉक्टरवाली ट्रिक.

सक्करदरा_सखी (१० मे, सकाळी ९:००)
एक राहिलंच सगळ्यांचं, डास. कूलरच्या टाकीतल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून आतल्या कडा काथ्याने घासा, नुसतं पाणी ओतून चालत नाही, अंडी पाण्याच्या रेषेवर भिंतीला चिकटतात आणि कोरडी सुद्धा कित्येक महिने जिवंत राहतात, पुन्हा पाणी भरलं की चालू. वार ठरवून टाका, आमचा गुरुवार.

कोकणातली_पाहुणी (१९ जून, रात्री ९:००)
मंडळी, दोन सरी झाल्या आणि कूलर एकदम मामांचा कूलर झाला! सगळं चिकचिक, चादरी ओलसर. बिघडला का?

गच्चीवाला (१९ जून, रात्री ९:२५)
बिघडला नाही. ३४ डिग्री आणि ६५ टक्के दमटपणा, आता ओलं फडकं २८ च्या खाली उतरतच नाही. पंप बंद करा, नुसता पंखा चालवा, खिडक्या सगळ्या उघड्या. दुपारी कोरडं पडलं तर तासभर पंप लावून बघा, नाहीतर आवरा.

कोकणातली_पाहुणी (१९ जून, रात्री ९:३२)
आणि शाळा? रत्नागिरीत भाच्यांची सुरू पण झाली, इथे अजून पत्ता नाही.

महालची_आजी (२० जून, सकाळी ६:४०)
विदर्भात जूनच्या शेवटीच, उन्हामुळे. अजून आठवडाभर सांभाळ त्याला.

पत्र्याचा_कूलर (२० जून, दुपारी १:००)
ठेवायच्या आधी टाकी घासून, ताट्या उन्हात खडखडीत वाळवून, पंप फडक्यात गुंडाळून घरात ठेवा, टाकीत राहू देऊ नका, उंदीर वायर कुरतडते. मोटरला तेलाचे दोन थेंब. आणि बदली आली, कूलर विकायचा असला तर आत्ता विकू नका, कोणी पाणी पण विचारत नाही जूनमध्ये. मार्चच्या पहिल्या आठवड्यात टाका, त्याच दिवशी जाते.